पडलेलं घर कोणाच्या नावावर?



या वेळचं संपादकीय मी राजुरीत बसून लिहिते आहे. आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात राजुरी येते. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. नाणेघाटाकडच्या गावांत पाऊस धो धो कोसळतो, तेव्हा इकडे आभाळ नुसतं भरून राहतं. पिंपळगाव जोगेचा कालवा आला, तसे ऊस, कांदा, डाळिंब आले, दारात गाई आल्या आणि दुधाच्या पैशावर घरंही उठली. या भागात दरड कोसळत नाही, नदीचा पूरही येत नाही. त्यामुळे 'हवामान बदल आणि घर' असा विषय बैठकीत काढला की बाया म्हणतात, ते कोकणातलं, ते माळीणचं. आमच्याकडे काय?

मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. २०२५ च्या मे महिन्यात एका वस्तीवर जावं लागलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. राजुरीच्या आसपासच्या डझनभर गावांपैकी कोणतंही धरा. त्या वर्षी उन्हाळा संपायच्या आतच पाऊस सुरू झाला. मान्सून २५ मे रोजी महाराष्ट्रात आला, आणि त्याच्याही आधी वळवानं जमीन भिजवून ठेवली होती. धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी माती चढवायची असते, भिंतींच्या कडेनं चर काढायचे असतात. ती कामं अजून कोणी हातातही घेतली नव्हती. ज्या मावशींकडे गेले त्या पन्नाशीच्या. नवरा पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईला बाजारात हमालीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून राहिला. सासू होती तोवर तिनं सुनेला घराच्या मागच्या दोन खणांत राहू दिलं. सासू गेली, मावशी तिथंच राहिल्या. रोजानं खुरपायला जायचं, एक गाय पाळायची, असं चाललं होतं.

"भिंत आवाज करून पडत नाही ताई," त्या मला म्हणाल्या. "आधी फुगते. मग माती गळाया लागते. मी गाय सोडली आणि भाईर आले, तेवढ्यात बसली खाली."

पंचनामा झाला. कागदावर घर कोणाचं? वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला त्यांचंच नाव, वारस लावलेलेच नाहीत. बँकेचं खातं धाकट्या दिरानं दिलं. नुकसान 'अंशतः' आणि घर 'कच्चं' धरलं गेलं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे: पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार; निदान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्याला ४ हजार. दिराचं घर पुढच्या बाजूला, स्लॅबचं, शाबूत. त्यामुळे एकूण मिळकतीच्या हिशोबानं पडझड 'अंशतः'. मावशींचे दोन्ही खण आडवे झाले, त्यांच्या बाजूनं पाहिलं तर शंभर टक्के. चार हजार रुपये दिराच्या खात्यावर आले. त्यानं ते मावशींना दिलेही, माणूस अगदीच वाईट नाही. पैसे देताना एवढंच म्हणाला, "वहिनी, तिथं परत भिंत नका घालू. रस्त्याकडेला गाळे काढायचेत."

माझं पाऊल अडलं ते इथं. चार हजारांवर भांडत बसलो असतो तर आम्हाला खरा मुद्दा दिसलाच नसता. त्या जागेला आता भाव आला आहे. कल्याण-नगर रस्ता आणि पुणे-नाशिक रस्ता आळेफाट्याला भेटतात. फाट्यावर आणि नारायणगावात फ्लॅटच्या इमारती, रो-हाउस, लॉज उभे राहिले. २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला आणि राहण्या-जेवणाची सोय करणारी कृषी पर्यटन केंद्रं वाढली. पुणे-नाशिक रेल्वेची बोलणी सुरू झाली तशी शिवारात दलालांच्या मोटारसायकली फिरू लागल्या. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो मार्ग बदलायचं ठरलं, पण चढलेला भाव काही उतरला नाही. पूर्वी माणसं जमिनीचं एकरात बोलायची, आता गुंठ्यात बोलतात. मुंबईत चाळीतली खोली विकून किंवा पुनर्विकासात पैसे घेऊन गावी आलेली मंडळी रस्त्याकडेची जागा शोधतात. यात गैर काही नाही. गावाकडे घर बांधावं, ही मुंबईला गेलेल्या प्रत्येक जुन्नरकराची इच्छा असते. पण अशा वेळी घरातल्या एका बाईच्या दोन खणांची किंमत सगळ्यांना एकदम कळते. तिला 'निघ' म्हणायची कोणाला हिंमत होत नाही, लोक काय म्हणतील ही भीती असते. पावसानं ते काम परस्पर करून टाकलं. ज्या घरातून बाईला कोणी हाकललं नव्हतं, ते घरच राहिलं नाही.

अशा किती बाया असतील याचा आकडा माझ्याकडे नाही. आमच्या गटांच्या बैठकांत विचारलं तर प्रत्येक गावात दोन-चार नावं निघतात. कोणी विधवा भावाच्या पडवीत, कोणी टाकलेली बाई बापाच्या गोठ्याशेजारी, कोणी अविवाहित आत्या जुन्या वाड्याच्या कोपऱ्यात. घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात ओला, डागडुजी न झालेला भाग बहुतेक वेळा यांच्या वाट्याला येतो. नव्या स्लॅबच्या घरात मुलगा-सून, जुन्या मातीच्या खणात आई. घरातली वाटणी अशी असली की पावसाचा फटका कोणाला आधी बसणार हे ठरलेलंच असतं.

आता माझीच एक चूक सांगते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं आणि रायगड ओलांडून पुणे जिल्ह्यातून नाशिककडे गेलं. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरमध्ये घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाउस झोपले. मी तेव्हा एमएसडब्ल्यू होऊन काही वर्षं काम केलेली, उत्साही कार्यकर्ती. आमच्या संस्थेनं पाहणी केली, फॉर्म मी स्वतः तयार केला. पहिला रकाना काय? 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. दारात बाई उभी, पत्रे तिनं वेचलेले, पाण्यात भिजलेलं धान्य तिनं वाळत घातलेलं. नवरा टाळेबंदीत मुंबईला अडकलेला. तरी मी तिला विचारायचे, "मालकांचं नाव सांगा." पूर्ण फॉर्मची चळत पुरुषांच्या नावांनी भरली आणि तीच यादी मदतीसाठी पुढे गेली. स्त्री-प्रश्नाच्या शिबिरात व्याख्यान देणारी मी! सरकारी पंचनाम्याला नावं ठेवताना ते फॉर्म आठवतात. आता आमच्या फॉर्मवर पहिला रकाना आहे, 'या खोलीत रात्री कोण झोपतं?' वाचायला विचित्र वाटतो, पण उत्तरं खरी मिळतात.

घरांच्या बांधणीबद्दल थोडं. आपण कार्यकर्त्या कायदा बोलतो, भिंतीकडे बघत नाही. पांढऱ्या मातीची जाड भिंत आणि धाबं उन्हाळ्यात गार राहतं. पण तिला दरवर्षी हात लागतो. ती सगळी मेहनत बायांची: माती कालवणं, लिंपणं, सारवणं. पाऊस ठरल्या महिन्यात रिमझिम सुरू व्हायचा तोवर हे जमायचं. आता तो मेमध्ये येतो, नोव्हेंबरात गारांसकट येतो, आणि महिन्याचं पाणी दोन तासांत टाकतो. त्यात अनेकांनी मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला. ओल आत शिरते, बाहेर पडत नाही, आणि भिंत आतल्या आत पोकळ होते. गवंड्यांना हे माहीत असतं, पण गिलावा केला की घर 'पक्कं' दिसतं. मुलीला बघायला पाहुणे येणार असतात.

ज्यांना परवडलं त्यांनी धाबं काढून पत्रा टाकला. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यात दुपारी उभं राहून बघा. पुरुष पारावर, फाट्यावर, झाडाखाली जातात. बाळंतीण, म्हातारी, भाकऱ्या थापणारी आणि घरबसल्या शिवणकाम करणारी कुठे जाणार? रात्री पत्रा लवकर निवत नाही, बाहेर अंगणात झोपावं तर बिबट्याचं भय. उसाच्या शिवारातल्या वस्त्यांवर हे भय रोजचं आहे. म्हणजे दार लावून भट्टीत झोपायचं. वादळात हाच पत्रा वर दगड ठेवून तोलला असेल तर पहिल्या झटक्यात जातो. वाशाला हूक-बोल्टनं नीट आवळला असेल तर बराच टिकतो. हे काम काही शे रुपयांचं आहे. बचत गटानं कर्ज द्यायचं तर म्हैस, शिलाई मशीन यांच्या जोडीला हेही धरायला हवं.

आणि नवी घरं? ती सुरक्षित, असं आपण धरून चालतो. नवे प्लॉट बऱ्याचदा काळ्या रानात पडतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन वर्षांत भिंतीला तिरकी चीर जाते. काही ठिकाणी ओढा बुजवून, त्यावर मुरूम टाकून आखणी केलेली असते. ओढा कोरडा असतो तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, आणि त्या पावसानं शहर व परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याची जागा घेऊन वाढलेल्या शहरात पाणी जाणार कुठे? आपल्या फाट्यावर तेच लहान प्रमाणात सुरू आहे. प्लॉट घेताना म्हातारीला विचारा, इथं पूर्वी पाणी कुठून वाहायचं. दलालाच्या नकाशात ते नसतं. आणखी एक: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. गुंठेवारीचा व्यवहार तर आणखी जपून करा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे कितीतरी तुकडे नुसत्या नोटरीच्या कागदावर विकले गेले. २०२५ साली सरकारनं जुने व्यवहार नियमित करण्याचा निर्णय घेतला, पण त्यातही नाव लागणार ते ज्याच्या कागदावर आहे त्याचंच. मंगळसूत्र मोडून घेतलेल्या गुंठ्यावर नवऱ्याचं एकट्याचं नाव असलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत.

राजुरीपासून पश्चिमेला, आंबेगाव तालुक्यात, माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला. ४४ घरं गाडली गेली, १५१ माणसं गेली. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. वाचलेल्यांनी जवळपास तीन वर्षं पत्र्याच्या निवाऱ्यात काढली. आमडे इथं नवं गाव वसवलं, ४९१ चौरस फुटांची भूकंपरोधक घरं बांधली, २ एप्रिल २०१७ रोजी ती लोकांना दिली. आणि त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भरावाची माती खचली, रस्त्यांना भेगा पडल्या. त्या रात्री नव्या घरातल्या बायांनी काय अनुभवलं असेल? पुढे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये, १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी तेच: आधी शोध, मग पत्र्याचे निवारे, मग यादी. माझा रोख या यादीवर आहे. कुटुंब म्हणजे कोण, हे त्या यादीत ठरतं आणि पुढची पन्नास वर्षं तेच चालतं.

धरण, रस्ता, रेल्वे यांसाठी जमीन गेली तर २०१३ चा भूसंपादन कायदा विधवा, घटस्फोटिता आणि घरच्यांनी टाकून दिलेली स्त्री यांना स्वतंत्र कुटुंब मानतो. स्पष्ट शब्दांत मानतो. पण तीच बाई दरडीत, वादळात, पावसात बेघर झाली तर आपत्तीच्या मदतीच्या निकषांत अशी ओळ नाही. सरकारनं घर पाडलं तर ती कुटुंब, आभाळानं पाडलं तर ती कोणाच्या तरी घरातली. ही ओळ निकषांत यावी अशी मागणी आपण करायला हवी. निकष काही वर्षांनी नव्यानं ठरतात, तेव्हा हे बोललं नाही तर पुन्हा वाट बघणं आलं.

आपल्याला या बाबतीत शून्यातून सुरुवात करायची नाही. आळेफाट्याहून नाशिकच्या रस्त्यानं पुढे गेलं की संगमनेर येतं. १९८८ साली तिथं परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेली म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बायांनी व्यासपीठावरून पोटगी मागितली, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, डोक्यावर छप्पर मागितलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक गावांतल्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली, देशाला तिथं यायला २००५ साल उजाडलं, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नाही हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. तरी हक्कसोडपत्रावर सही करून साडी-चोळी घेऊन परतणाऱ्या बहिणी आजही प्रत्येक गावात आहेत. त्यांना दोष देणं सोपं आहे. भावाचं दार बंद झालं तर अडीअडचणीला जायचं कुठे, याचं उत्तर आपण त्यांना दिलेलं नाही.

घराबद्दल सांगायचं तर २० नोव्हेंबर २००३ चं ग्रामविकास विभागाचं परिपत्रक आहे. गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावानं करावी, असं ते सांगतं. 'घर दोघांचं' म्हणून अनेक गटांनी त्यावर काम केलं. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावानं मंजूर होतं. १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावानं खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबांत त्यामुळे बाईचं नाव लागू लागलं आहे. कारण सवलतीचं असेना का, नाव लागतंय. पण फ्लॅट घेणारी बाई आणि दोन खणांतली मावशी, दोघींमधलं अंतर यामुळे वाढतं आहे हेही बघायला हवं.

मावशींच्या बाबतीत आम्ही काय केलं? नवरा जिवंत आहे, म्हणून त्या सासऱ्यांच्या वारस होत नाहीत. मालकी मागता येत नाही. पण घटस्फोट झालेला नाही आणि लग्न होऊन त्या याच घरात आल्या, याच घरात राहिल्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अशा सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं आहे. पर्यायी जागा किंवा भाडं मागण्याचीही त्यात सोय आहे. कोर्टात जायला मावशी तयार नव्हत्या. "दीर-जाऊ उद्या पाणी पाजणारी माणसं हायेत," म्हणाल्या. त्यांच्या या म्हणण्याला आम्ही वळसा घातला नाही. नमुना ८ मध्ये मालकाच्या रकान्याशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो, तो बहुतेक कोणाच्या लक्षात येत नाही. तिथं मावशींचं नाव लावावं असा अर्ज केला. सोबत जुनं वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतला उतारा आणि शेजारच्या चौघींचे जबाब जोडले. भोगवट्याची नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे त्यांना दोनदा समजावून सांगितलं. पण पुढच्या पंचनाम्यात निदान त्या कागदावर असतील.

गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. या कामाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली, आणि २०२० साली ती देशभराची स्वामित्व योजना झाली. ज्या गावांत चौकशी अजून व्हायची आहे तिथल्या मैत्रिणींनी झोपून राहू नये. चौकशीच्या दिवशी घरात जो पुरुष हजर असेल तो सांगेल तेच नाव लागतं. मळ्यातल्या, वस्तीवरच्या घरांना ही योजना लागूच नाही, ती सातबाऱ्याच्या जमिनीवर आहेत. तिथं मागणी वेगळी करावी लागेल.

दिराशी दोनदा बोलणं झालं. गाळे काढायला त्याला मागच्या खणांची जागा लागत नाही, फक्त जायची वाट लागते, हे मोजमाप केल्यावर त्याच्याच लक्षात आलं. जाऊबाई मध्ये पडल्या, हे मला अपेक्षित नव्हतं. त्यांनाही दोन मुली आहेत. गटानं बिनव्याजी पैसे दिले, जुन्या जोत्यावर विटांची एक खोली उभी राहिली, पत्रा बोल्टनं आवळला आणि मागच्या बाजूनं चर खणला. अर्जाचा निर्णय अजून व्हायचा आहे, ग्रामसभेत तो दोनदा पुढे ढकलला गेला.

तुमच्या गावात अशा किती जणी कोणत्या खणांत राहतात, त्याची यादी पुढच्या अंकापूर्वी पाठवा. नावं छापणार नाही. नमुना ८ ची नक्कल मिळाली तर तीही जोडा, आणि भोगवटादाराचा रकाना रिकामा आहे का, तेवढं आवर्जून कळवा.